पायसाइडचं डिझायनर प्लगइन: काही महिने फुकट वापरल्यावर, आणि आता भाडं मागितल्यावर

हे प्लगइन व्हीएस कोड या एडिटरमध्ये ॲपच्या खिडक्या, म्हणजे फॉर्म, मांडायला मदत करतं. गेल्या अपडेटपासून फॉर्मच्या फाइलवर डबलक्लिक केलं की डिझाइनची खिडकी उघडत नाही, लॉगिनची पाटी उघडते. खातं काढा, थोडे दिवस फुकट वापरा, मग दरमहा पैसे भरा. अपडेट मी मागितलं नव्हतं. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शनचं ऑटो-अपडेट मुळातच चालू असतं, त्यामुळे ते रात्रीत येऊन बसलं. म्हणजे हा रिव्ह्यू रागात लिहिला जातोय, हे आधीच कळलेलं बरं.

प्लगइनचं नाव लिहीत नाही. या जातीची बरीच प्लगइनं आहेत आणि खालचं बरंचसं थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडेल. माझा वापर असा: पायथन, पायसाइड६ (क्यूटी हे खिडक्या-बटणांचं टूलकिट पायथनमधून वापरायची लायब्ररी), ऑफिसातल्या दोन डेस्कटॉप ॲप्स. एकात गोदामातल्या मालाची नोंद होते, दुसऱ्यातून बारकोडची लेबलं छापली जातात. वापरणारी माणसं मोजकी, पण प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा.

सुरुवातीला मी खूश होते, हे नाकारून चालणार नाही. एडिटर न सोडता फॉर्म मांडायचा, सेव्ह केलं की यूआय फाइलपासून (हिच्यात फॉर्मची मांडणी असते) पायथनची फाइल आपोआप तयार. शिवाय एखादं बटण लेआउटच्या (बटणांची जागा आपोआप ठरवणाऱ्या मांडणीच्या) बाहेर मोकळं टाकलं की प्लगइन त्याखाली पिवळी रेघ ओढायचं. ही रेघ फार उपयोगी. बटणं नुसती हव्या त्या जागी ठेवली की आपल्या स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. मग कोणीतरी डिस्प्लेचं स्केलिंग दीडशे टक्के ठेवलेल्या लॅपटॉपवर ॲप उघडतं. क्यूटी ६ मध्ये हाय डीपीआय स्केलिंग (स्क्रीनच्या बारकाव्यानुसार सगळं मोठं करणं) कायमच चालू असतं, तरी फॉन्ट बदलला किंवा खिडकी ओढून मोठी केली की लेआउटशिवायची मांडणी कोलमडतेच: लेबलाचं शेपूट कापलं जातं, उजवीकडे ओसाड जागा उरते. त्या पिवळ्या रेघेमुळे ग्रिड लेआउट, स्पेसर (मोकळी जागा धरणारा तुकडा) आणि साइझ पॉलिसी (कोण किती पसरेल याचा नियम) मी नीट शिकले. तेवढं श्रेय प्लगइनचं.

आता मुख्य तक्रार: एक ओळ.

यूआय फाइलपासून जी पायथनची फाइल तयार होते तिच्या माथ्यावर एक चौकट असते. अमुक फाइल वाचून हा फॉर्म बनवला, क्यूटी यूजर इंटरफेस कंपायलरच्या (यूआयसी, म्हणजे यूआय फाइलीचं पायथन बनवणारं टूल) अमुक आवृत्तीने बनवला, आणि इथे हाताने केलेले बदल पुढच्या वेळी पुसले जातील, असा मजकूर. इशारा योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मधल्या आवृत्तीच्या आकड्याची. हे प्लगइन प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं (त्या प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथन पॅकेजांमधलं) पायसाइड६-यूआयसी वापरतच नाही. स्वतःच्या पोटात एक जुना कंपायलर घेऊन फिरतं आणि तोच चालवतं. माझा सहकारी प्लगइन वापरत नाही, तो टर्मिनलमधून प्रोजेक्टचाच कंपायलर चालवतो. परिणाम: तो फाइल बनवतो तेव्हा आकडा नवा, मी फॉर्म उघडून नुसतं सेव्ह केलं की आकडा जुना. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये दोघांचा खो-खो. काहीही न बदलता दहा फॉर्मच्या दहा फाइली बदललेल्या दिसतात.

एक ओळच तर आहे, असं म्हणणारे भेटले. पण गोष्ट त्या ओळीवर थांबत नाही. यूआयसीच्या जुन्या आवृत्त्या मधोमध लावण्यासाठी 'क्यूटी डॉट अलाइनसेंटर' असं आखूड लिहायच्या, नव्या आवृत्त्या मध्ये 'अलाइनमेंटफ्लॅग' घालून पूर्ण नाव लिहितात. म्हणजे कंपायलर बदलला की माथाच नाही, फाइलभर ओळी बदलतात. चालतं दोन्हीही. पण खरा बदल कोणता आणि कंपायलरच्या लहरीचा कोणता, हे डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) शोधत बसायचं. एकदा टॅब ऑर्डरमधला (टॅब दाबल्यावर कोणता रकाना कधी येतो त्या क्रमातला) खराखुरा बदल याच गर्दीत नजरेतून सुटला आणि लेबलं छापणाऱ्या मुलीला चार दिवस प्रत्येक नोंदीला माउस उचलावा लागला. तेव्हापासून ती ओळ माझ्या डोक्यात गेली ती गेलीच.

तक्रार नोंदवली. उत्तर आलं की हे ठरवूनच असं ठेवलंय, सगळ्यांना एकसारखा अनुभव मिळावा म्हणून. कोणते सगळे? प्रोजेक्टचा पायथन इंटरप्रिटर (कोड चालवणारा) कुठला आहे ते व्हीएस कोडला माहीत असतं, खालच्या पट्टीत लिहिलेलं दिसतं. ते विचारून घेणं एवढं अवघड नाही. मी पुन्हा लिहिलं, तक्रार बंद झाली. आणि आता पैशाच्या आवृत्तीची जाहिरात आली आहे, तिच्यात ठळक अक्षरांत काय? 'प्रोजेक्टचाच कंपायलर वापरा.' जी गोष्ट आधी ठरवून तशी ठेवली होती तीच दुरुस्त करून विकायला काढली आहे.

प्रीव्ह्यूबद्दल थोडक्यात. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेब तंत्रज्ञानाने डेस्कटॉप ॲप बनवायच्या पायावर, उभा आहे. प्लगइनला एडिटरच्या आत असा फॉर्म दाखवायचा तर तो वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे वेबपेजसारखाच दाखवावा लागतो. क्यूटीची खरी खिडकी तिथे बसत नाही. त्यामुळे आत दिसतं ते क्यूटीच्या बटणाचं चित्र, क्यूटीचं बटण नव्हे. उंची थोडी वेगळी, फॉन्ट वेगळा, स्वतः बनवलेलं विजेट (बटण, रकाना असा खिडकीतला घटक) 'प्रमोट' करून, म्हणजे तयार विजेटच्या जागी, टाकलं तर तिथे नुसता करडा चौकोन. खात्री करायला ॲप चालवून बघावंच लागतं. हा दोष त्या ओळीपेक्षा मोठा आहे हे मलाही कळतं, पण याचा मला राग येत नाही. याला कारण आहे, त्या ओळीला नव्हतं.

बटणावर डबलक्लिक केलं की स्लॉट (बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन) तयार करून कोडमध्ये नेऊन सोडणं ही सोय छान वाटते आणि नवशिक्यांचा घात करते. तयार होणारा स्लॉट खिडकी सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवरच चालतो. त्यात मोठी फाइल वाचायला घेतली की खिडकी गोठते, कारण इव्हेंट लूप (क्लिक वगैरे हाताळणारं चक्र) त्या स्लॉटमधून बाहेर पडायची वाट बघत उभा असतो. कुठलंही लांबणारं काम क्यूथ्रेडवर किंवा थ्रेडपूलवर, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर, टाकायचं आणि तिथून विजेटला थेट हात न लावता सिग्नलने निरोप पाठवायचा, हे क्यूटीतलं पहिलं पथ्य. तयार कोडमध्ये एक सूचना टाकली असती तर काय बिघडलं असतं? पिवळ्या रेघा काढता येतातच त्यांना.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबले आणि प्लगइन बंद ठेवून काम केलं. त्यातून एका बाबतीत मत बदललं. फॉर्ममध्ये 'पुशबटण_७' चं नाव बदलून 'सेव्हबटण' केलं की प्लगइन ते माझ्या कोडमध्येही बदलायचं. ही सोय मी कधी गणतीतही धरली नव्हती. ती नसताना मात्र फॉर्ममध्ये नाव बदललं, कोडमध्ये एका जागी राहिलं, आणि एरर आली ती कोणीतरी तो टॅब उघडल्यावर. पायथन अशी चूक आधी सांगत नाही, त्या ओळीवर पोचल्यावर सांगतो. म्हणजे प्लगइनमधली खरी किमतीची गोष्ट ही होती, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखसुद्धा नाही.

तरी पैसे भरणार नाही. कारण बाकीचं सगळं आधीच माझ्याकडे आहे. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या टूलने) पायसाइड६ घेतलं की त्यासोबत डिझायनर येतं, यूआयसी येतं, आयकॉनसाठी आरसीसी येतं, भाषांतराच्या फाइलींसाठी एलअपडेट येतं. पायसाइड६ एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली मिळतं, त्याच्या अटी पाळून ऑफिसच्या ॲपमध्ये वापरायला काही द्यावं लागत नाही. विहीर आपली, पाणी आपलं, आणि दरमहा पाणीपट्टी तोटी बसवणाऱ्याला! एकरकमी किंमत मागितली असती तर नाव बदलण्याच्या त्या सोयीसाठी मी दिलीही असती. पण लॉगिन नाही म्हणून माझीच फाइल माझ्याच डिस्कवर उघडायला नकार, हे नाही.

प्लगइनमधल्या एक्झी (विंडोजवर थेट चालणारी फाइल) बनवण्याच्या बटणाबद्दल फार काही नाही. आत पायइन्स्टॉलरच चालतो. तो आपल्या आयकॉनच्या आणि यूआयच्या फाइली आपण सांगितल्याशिवाय सोबत घेत नाही, आणि प्लगइनही त्याला सांगत नाही. त्यामुळे माझ्या मशिनवर चालणारं ॲप दुसरीकडे चित्रांविना उघडलं. आयकॉन आरसीसीने पायथनमध्येच बांधून टाकले, प्रश्न मिटला. पूर्ण पायसाइड६ ऐवजी पायसाइड६-इसेन्शिअल्स घेतलं तर वेबइंजिनसारखं (क्यूटीतला ब्राउझर) न लागणारं ओझंही येत नाही.

सध्याची व्यवस्था अशी. फॉर्म पायसाइड६-डिझायनरमध्ये, वेगळ्या खिडकीत. तिथे दिसतं ते तरी खरं क्यूटी असतं. व्हीएस कोडच्या टास्क्स डॉट जेसन या सेटिंगच्या फाइलमध्ये एक टास्क लिहिलं, ते व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं यूआयसी सगळ्या यूआय फाइलींवर चालवतं. ॲप चालवायच्या लाँच डॉट जेसनमध्ये 'प्रीलाँचटास्क' (आधी चालवायचं टास्क) म्हणून तेच जोडलं, त्यामुळे एफ५ दाबलं की आधी फॉर्म बनतात, मग ॲप चालू होतं. सहकाऱ्याचा आणि माझा कंपायलर आता एकच. तयार होणाऱ्या फाइली गिटमध्ये ठेवणंच बंद केलं, फक्त यूआय फाइली ठेवतो. त्या साध्या एक्सएमएल मजकुराच्या असल्यामुळे डिफमध्ये वाचताही येतात. ॲप चालू असतानाच क्यूयूआयलोडरने यूआय फाइल वाचायचा पर्यायही पाहिला. पण त्यात विजेटांची नावं एडिटरला आधी कळत नाहीत, ऑटोकम्प्लीट जातं, म्हणून सोडला.

ज्यांना प्लगइनच हवंय पण लॉगिन नको, त्यांनी एक्स्टेन्शनच्या पानावर गिअरच्या चिन्हाखाली जाऊन विशिष्ट आवृत्ती बसवण्याचा पर्याय निवडावा, लॉगिनच्या आधीची आवृत्ती घ्यावी आणि तेवढ्याच एक्स्टेन्शनचं ऑटो-अपडेट बंद करावं. माझ्या एका मशिनवर ती तशी ठेवली आहे, नावं बदलण्यापुरती. सेव्ह केल्यावर आपोआप फाइल बनवण्याची सेटिंग तिच्यात बंद करायला विसरू नका.