रेंज नसताना टॉप-अप मारू नका: गोव्यातल्या मोबाइल डेटाचा आढावा

नेट अडकले की पहिला हात रिचार्जकडे जातो. पण नेट अडकण्याची मुख्य कारणे तीन: रोजचा कोटा संपणे, टॉवरवर गर्दी होणे आणि सिग्नलच न पोचणे. टॉप-अपने यातले पहिले तेवढे सुटते. बाकी दोन्हींत १ जीबीचे पॅक घ्या नाहीतर १० जीबीचे, चक्र फिरतच राहते आणि पैसे मात्र जातात.

म्हणून आधी कारण ओळखा. कोटा संपला असेल तर कंपनीचा १०० टक्के वापराचा एसएमएस आलेला असतो आणि बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. साधा मेसेज जातो, फोटो लटकतो, आणि पणजीत असा की वाळपईत, हाल तेच. हा कोटा मध्यरात्री पुन्हा भरतो, तेव्हा रात्री दहानंतर संपला तर थांबलेलेच बरे.

सिग्नलसाठी अँड्रॉइड फोनमध्ये अबाउट फोनमधले सिम स्टेटस उघडा. काड्यांवर विश्वास ठेवू नका, डीबीएमचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा वाचा. उणे ९० किंवा त्याहून चांगला (म्हणजे उणे ८५, उणे ८०) असेल तर ठीक. उणे १०० ते ११० ला नेट रखडते, उणे ११५ च्या पुढे काही खरे नाही. आकडा चांगला, कोटा शिल्लक, तरी नेट ढिम्म असेल तर टॉवरवर गर्दी आहे. डिसेंबरअखेर कळंगुट-बागा पट्ट्यात हे दिसते. चवथीला घरोघरी माणसे परततात तेव्हा एरवी शांत असलेल्या गावातही. पहाटे वेग आपोआप सुधारला तर निदान पक्के.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत डोंगर आणि अभयारण्ये यांमुळे टॉवर विरळ आहेत. त्यात चिऱ्याच्या जाड भिंती. बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) फोन लागतो, आतल्या खोलीत नाही, ते यामुळेच. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्या शिरतात. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या वेगवान असल्या तरी दाराशीच दमतात. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. कॉलपुरता हा उपाय फुकटचा आणि सर्वांत चांगला. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका: परवान्याशिवाय तो लावणे बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांचे नेटवर्कही त्याने बिघडते.

कोटा झपाट्याने संपण्यामागे एक छुपे कारण आहे. ज्या प्लॅनवर ५जी अमर्याद मिळते, तिथेही ४जीवरचा वापर रोजच्या कोट्यातूनच कापला जातो. फोंड्याहून मोलेकडे जाताना फोन गुपचूप ४जीवर उतरतो, व्हिडिओ चालूच राहतो आणि दीड-दोन जीबी बघता बघता संपतात. अशा वाटेवर व्हिडिओ ४८० पिक्सेलवर ठेवा, फोटोंचा बॅकअप आणि अॅप अपडेट फक्त वाय-फायवर करा.

डेटाचे बूस्टर पॅक (म्हणजेच टॉप-अप) घ्यायचेच तर किमतीआधी वैधता वाचा. काही पॅक मूळ प्लॅन संपेपर्यंत टिकतात, काही एका दिवसात मरतात, आणि मूळ प्लॅन संपलेला असेल तर पॅक पडून राहतो. एक दिवसाचे पॅक प्रवासापुरते ठीक, सवयीचे नव्हे. महिन्यात चार-पाच वेळा बूस्टर लागत असेल तर गुणाकार करून पाहा; मोठ्या कोट्याचा प्लॅन कदाचित स्वस्त पडेल. पोस्टपेडवाल्यांनी मर्यादेनंतर वेग उतरतो की बिल चढते, ते अटींत आधीच वाचावे.

दुसरे सिम घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन कंपन्यांची उपकरणे एकाच खांबावर असतात. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली आणि तिथली बॅटरी संपली की दोन्ही सिम एकदमच मुकी होतात. शेजाऱ्याचा फोन तुमच्या स्वयंपाकघरात आणून मोजा, मगच ठरवा. नंबर पोर्ट करायचा, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलायची, तर पीओआरटी ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून मोबाइल नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे महाराष्ट्र-गोव्यात, काम साधारण ३ कामकाजाच्या दिवसांत होते.

भरपाईचा नियम आहे, पण तोकडा. सेवा जिल्हा पातळीवर २४ तासांहून अधिक बंद राहिली तरच पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव वैधता मिळते. एकट्या गावाचा टॉवर आठवडाभर मेला तरी हा नियम लागू होत नाही, आणि हे अन्यायाचेच आहे. तिथे उरते ती तक्रार: १९८ वर फोन करा, डॉकेट (तक्रारीचा) नंबर लिहून घ्या. ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगितले तर फोन बंद करून चालू करायला सांगतात. वाडा, वेळ, डीबीएमचा आकडा आणि त्याच टॉवरवरच्या आणखी दोन-तीन ग्राहकांच्या तक्रारींचे नंबर सोबत द्या. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही.