गाडी उभी असताना काय करते? (वापर: 14 महिने)

रेंज, पिकअप, डिकी यांवर सगळ्यांनी लिहून झालंय, ते परत उगाळत नाही. चालताना या इलेक्ट्रिक गाडीबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. माझं भांडण ती उभी असताना काय करते, यावर आहे.

मुलीकडे हैदराबादला अकरा दिवस गेलो होतो. जुळे सोलापुरात घरच्या पत्र्याच्या शेडखाली गाडी 78 टक्क्यांवर उभी. परत आल्यावर गुरुवारी अक्कलकोटला निघायचं म्हणून हँडल दाबलं, तर ना दिवा, ना आवाज. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. स्क्रीन काळाठिक्कर. चार्जर लावला, त्यालाही दाद नाही. चार्जिंग सुरू व्हायलासुद्धा आतले कॉम्प्युटर आधी जागे व्हावे लागतात आणि त्यांना वीज देते ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी, हे ज्ञान त्या दिवशी झालं. विहीर भरलेली, पण मोटर चालू करायला लाईट नाही, तशातली गत.

शेवटी शेजारच्या अण्णांनी त्यांची पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी आडवी लावली, केबल जोडली. मिनिटभरात सीटखालून ‘टक्’ झालं आणि स्क्रीन उजळली. अण्णा आजतागायत येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगतात.

स्क्रीनवर 66 टक्के. चाळीस युनिटची बॅटरी, म्हणजे पावणेपाच युनिट गेले, माझ्या बिलाच्या हिशेबाने पन्नासेक रुपये. पन्नास रुपयांनी मी भिकेला लागत नाही, पण एक फूट न हलता? पेट्रोल गाडी कधी उभ्या उभ्या अर्धा लिटर प्यायली आहे का?

सर्व्हिस सेंटरवाला म्हणे, “सर, दिवसाला एक टक्का नॉर्मल आहे.” नॉर्मल आहे तर बंद का पडली? यावर उत्तर नाही. उलट मोठी बॅटरी तपासायला गाडी दोन दिवस ठेवा आणि तपासणीचे पैसे वेगळे. तासभर वाद घालून गाडी घेऊन आलो.

मग वही घातली. रात्री दहाचा आकडा, सकाळी सहाचा आकडा. बायकोने हात टेकले. एप्रिलच्या उकाड्यात तशीही झोप नव्हती, म्हणून एका रात्री शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो. दोनच्या सुमाराला ‘टक्’. बारीक गुणगुण सुरू झाली, बराच वेळ चालली, परत ‘टक्’, मग सामसूम. पहाटेपर्यंत हे तीनदा झालं. गाडी झोपेतून उठून मोठ्या बॅटरीतून छोटीला पाजत होती!

इथपर्यंत मी रागात लिहून ठेवलं होतं. पुढचं तीन आठवड्यांनंतरचं.

विजापूर रोडवरच्या एका पोराने मल्टिमीटर लावला. छोटी बॅटरी भरलेली असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. माझी भरून अर्धा तास होत नाही तोच 11.9. “काका, मोठीला काय धाड भरलीय? छोटीच गेली की!” शिसं-आम्लाची बॅटरी उन्हाने लवकर मरते आणि आपल्याकडे पारा 43 ला टेकतो. ती मरतुकडी झाली की भरलेलं टिकत नाही, म्हणून गाडी सारखी उठते आणि मोठीचे टक्के खाते. मोठीला आठ वर्षांची वॉरंटी. छोटीची मुदत मात्र कधीच सरलेली. साडेपाच हजार गेले.

आणि आता जरा जड जातंय, पण लिहितो. छोटीला मारण्यात माझाही हात होता. हैदराबादेतून दिवसातून पाच-सहा वेळा मोबाईलवर टक्के बघत होतो. प्रत्येक वेळी गाडी दचकून जागी होत होती. गळती मोजायला जाऊन मीच गळती वाढवत होतो. डॅशकॅम, म्हणजे काचेवरचा कॅमेरा, थेट फ्यूजबॉक्समधून घेतलेला, म्हणजे छोटीच्याच जिवावर, पार्किंग मोडवर रात्रंदिवस चालू. किल्ली हॉलमध्ये खुंटीला, भिंतीच्या पलीकडे शेड. किल्ली जवळ असली की गाडी मालक आला समजून कान टवकारते. आता किल्ली मागच्या खोलीत, शेंगाचटणीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात असते. लसणाचा वास येतो, नाइलाज आहे.

गेल्या महिन्यात पुण्याला आठ दिवस गेलो. मोबाईलला हात नाही, कॅमेरा बंद. आल्यावर बघतो तर फक्त दोन टक्के कमी. सर्व्हिस सेंटरचा दिवसाला एक टक्का नॉर्मल कुठे गेला? वही घेऊन जाऊन दाखवली. त्याने पान उलटून बघितलं आणि चहा विचारला.

कंपनीवर राग आहे तो एवढ्याचसाठी: छोटी बॅटरी खचत चालल्याचं गाडीला कळतं म्हणून तर ती रात्री तीनदा उठते. मग स्क्रीनवर एक ओळ का दाखवत नाही? सीटबेल्ट लावला नाही तर कानठळ्या बसवते.

डॅशकॅम काढून ठेवलाय. कुणाला हवा असेल तर बॉक्ससकट आहे, वायर लांब आहे. घासाघीस नको.