मेनचे पाच डॉलर की न्यूयॉर्कची बारापट भर?

अमेरिकेतल्या मेन राज्यात १९९६ साली मतदारांनीच कौल देऊन कायदा केला. राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवाराने मतदारसंघातल्या किमान ६० मतदारांकडून पाच-पाच डॉलर आणले, की प्रचाराला सरकारी निधी मिळतो. मग खासगी देणग्या बंद. न्यूयॉर्क राज्यात देणग्या चालूच राहतात. तिथे २०२४ च्या निवडणुकीपासून विधिमंडळाच्या पात्र उमेदवाराला स्थानिक रहिवाशाच्या पहिल्या ५० डॉलरवर सरकारी निधीतून बारापट भर मिळते. म्हणजे ५० चे थेट ६५०! छोट्या देणगीदाराला एवढं वजन क्वचितच येतं.

तरी मला मेनचीच पद्धत पटते. पाच डॉलरसाठी दारोदार फिरणाऱ्याला लोकांशी बोलावंच लागतं, आणि निवडून आल्यावर बड्या देणगीदाराच्या उपकाराचं ओझं डोक्यावर राहत नाही. उमेदवारापासून स्वतंत्रपणे बाहेरचे गट प्रचारावर जो खर्च करतात, त्याला मात्र दोन्ही योजनांत आवर नाही.