माडीची लाकडी जमीन : दुरुस्तीनंतरचे नऊ महिने

माडीची जमीन दुरुस्त होऊन हाती आली ती फेब्रुवारीत. तेव्हाच लिहिणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "पावसाळा जाऊ दे, मग काय ते बोल." कोकणात लाकडाची खरी परीक्षा श्रावणातच होते. आता दिवाळीही झाली, रोजचा वावर त्याच खोलीत आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, माडीखाली ऐन-किंजळीच्या लाकडाचे दांडे आणि त्यांवर सव्वा इंच जाडीच्या सागवानी फळ्या. खोली १२ बाय १४ फुटांची. उत्तरेच्या कोपऱ्यात कौल सरकून पाणी ठिबकत होतं आणि नेमक्या तिथेच जुन्या ट्रंका. ट्रंक हलवली, तर खालची फळी पायाखाली पापडासारखी दबली.

पहिल्यांदा ज्यांना दाखवलं त्यांनी सगळ्या फळ्या काढून प्लाय टाका आणि वर विनाइल चिकटवा असं सुचवलं. चार दिवसांत काम होणार होतं, मोह झालाच. पण दमट घरात असा थर वर बसला की लाकडातला ओलावा वरून सुटत नाही, आणि फळी आतल्या आत कुजली तरी दिसत नाही. आम्ही गावातल्या सुतारकाकांना बोलावलं, आणि या कामातला तोच सगळ्यांत चांगला निर्णय ठरला.

काकांनी आधी पटाशीच्या मुठीने एकेक फळी वाजवली. शाबूत फळी खणखणीत बोलते, पोखरलेली बद्द. जिथे शंका, तिथे पटाशीचं टोक टोचून बघितलं. सबंध खोलीत जेमतेम तिसरा हिस्सा खराब निघाला, तोही बहुतेक भिंतीकडच्या टोकांना आणि फळ्यांच्या कडेला, जिथे गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड होतं. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, हा पांढरा भाग मात्र आवडीने खाते. "फळी नाही गेली वहिनी, फळीचं तोंड गेलंय," काका म्हणाले.

लाकडाला हात लावण्याआधी कौलं नीट बसवून घेतली. भिंतीवरून मातीची बोटभर रुंद नळी चढलेली होती, म्हणजे वाळवी जमिनीतून येत होती. म्हणून पायालगत भोकं पाडून औषध सोडून घेतलं. हे दोन्ही केल्याशिवाय वरच्या दुरुस्तीवर कुणीही पैसे घालू नयेत, असं मी अगदी ठामपणे सांगेन.

दोन दांड्यांची भिंतीत गेलेली टोकं कुजली होती. खालून टेकू देऊन ती कापली, दोन्ही अंगांना तीन-तीन फुटांच्या सागवानी पट्ट्या बोल्टने आवळल्या आणि टोकांभोवती हवा खेळेल एवढी जागा ठेवली. फळ्यांचे खराब भाग दांड्याच्या मध्यावर कापून तेवढंच ठिगळ बसवलं. त्यासाठी पाडलेल्या घराचं जुनं सागवान आणलं, साधारण ५ घनफूट. उघड्या लाकडाला १ भाग बोरिक पावडर आणि दीड भाग टाकणखार कोमट पाण्यात विरघळवून दोन हात दिले. ही पावडर किड्याच्या पोटात गेली की तो मरतो, पण पाण्याने ती धुऊनही जाते, म्हणून छप्पर आधी. हातमोजे आणि मास्क घालाच.

जुन्या खिळ्यांभोवती काळी वर्तुळं पडली होती. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात भेटले की असे डाग पडतात. ऑक्झॅलिक आम्लाने ते बरेच फिके झाले. नव्या ठिकाणी पितळी स्क्रू वापरले.

मग घासकाम, ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने. शेवटी खोलीला उकळवलेलं जवसाचं तेल, टर्पेंटाइन मिसळून, तीन पातळ हात. तहानलेलं लाकूड चार लिटर प्यायलं. एक इशारा कळकळीने देते. तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. आमचा एक बोळा तासाभरात हाताला चटका बसेल इतका गरम झाला होता. तेव्हापासून फडकी पाण्यात बुडवून, मग दोरीवर एकेक पसरून वाळवली.

जिन्यापाशी तीन फळ्यांना हौसेने पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश केलं. फेब्रुवारीत त्या आरशासारख्या दिसत होत्या, तेलाच्या फळ्या त्यांच्यापुढे फिक्या. जुलैअखेर पीयूखाली पांढुरके ढग आले आणि सांध्यांवर पापुद्रे सुटले. आता तो भाग पूर्ण घासूनच काढावा लागेल. तेलाच्या फळीवर गरम भांड्याचा डाग पडला होता, तो मी एका दुपारी पेपर मारून आणि बोटभर तेल चोळून घालवला. सुताराची गरजही पडली नाही. म्हणून आता मी तेलाच्याच बाजूची आहे, चमक कमी असली तरी.

लाकूड किती हलतं ते या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. फेब्रुवारीत ओलावा-मापक १२ टक्के दाखवत होता आणि फळ्यांमधल्या फटीत रुपयाचं नाणं उभं सरकत होतं. ऑगस्टमध्ये मापक १८ वर गेला आणि त्याच फटीत पोस्टकार्डही शिरेना. एका रांगेत भुसा आणि डिंक कालवून फटी बुजवल्या होत्या, ती सगळी लांबी चुरा होऊन वर आली. बाकीच्या फटी मोकळ्या होत्या, त्या सुखात आहेत.

दुखणी उरलीच आहेत. एका ठिगळाचं लाकूड पुरतं सुकलेलं नव्हतं, ते आता आक्रसून कडेला उतरलंय, अनवाणी पायाला टोचतं. दाराजवळची एक फळी करकरते. ओल्या फडक्याने पुसणं बंद केलंय, नुसता केर काढते आणि पिळून काढलेलं फडकं आठवड्यातून एकदा फिरवते.

खर्च सगळा मिळून ४५ हजारांच्या आसपास आला, त्यात निम्मी सुतारांची मजुरी, दोन आठवड्यांची.

उत्तरेच्या कोपऱ्यात मापक अजून १७ दाखवतो, बाकी खोली १३ वर आली असताना. तिथे पुन्हा ठिबक आहे की भिंतच ओल धरते, ते बघायला काका या रविवारी कौलांवर चढणार आहेत. त्यांचा निकाल लागला की जिन्याच्या तीन फळ्या घासायला घेऊ.