झाड छाटायला कुणाला बोलवावं: कुऱ्हाडवाला गडी की चेनसॉवाली टोळी?

वळवाची पहिली वावटळ येऊन गेली की बेळगावच्या टिळकवाडी-हिंदवाडीतल्या जुन्या कंपाउंडांत एकच विषय: छपरावर आलेली फांदी उतरवायची कुणाकडून? पर्याय दोन. रोजावर येणारा कुऱ्हाड-कोयतेवाला, नाहीतर चेनसॉ, दोर, कमरपट्टा घेऊन उक्तं काम करणारी टोळी. दुसरी महाग पडते. पण दराच्या आधी बघायचं ते मजुरी कशात चुकती होतेय.

‘लाकूड आमचं, मजुरी नको’ हा सौदा इथे सर्रास होतो. जळणाला किंमत जाड फांदीला, काटक्यांना कोण विचारतो? त्यामुळे वाळकी, एकमेकींवर घासणारी फांदी झाडावरच राहते आणि मांडीएवढी निरोगी फांदी जाते. शेंडा उडवलेल्या खोडक्यावर मग पाणसोटांचा, म्हणजे सरळसोट वाढणाऱ्या कोवळ्या फुटव्यांचा, झुपका फुटतो. हे सोट सालीलगतच धरलेले असतात, जाड झाले की स्वतःच्याच वजनाने निखळतात. टोळीतही घाईत सरसकट शेंडे उडवणारे असतातच. मशीन हातात आहे म्हणून कसब आहे असं धरू नका.

कसब एका फांदीवर कळतं. पहिला काप बुंध्यापासून फूटभर बाहेर, खालून, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या इंच-दोन इंच पुढे, वरून. फांदी सुटते, पण तिच्याबरोबर बुंध्याची साल सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, फांदीच्या मुळाशी जो सुरकुतलेला फुगवटा असतो त्याच्या लगेच बाहेरून. फुगवट्यासकट सपाट केलं तर जखम मोठी होते आणि भरत नाही, वीतभर खुंट ठेवला तर तो कुजून आतपर्यंत जातो. कुऱ्हाडीने हा तिसरा काप नीट बसत नाही. गड्यालाच सांगायचं असेल तर हातकरवत आणायला सांगा. एका वेळी पाव झाडापेक्षा जास्त हिरवा पाला काढू देऊ नका.

नारळाला टोळी कशाला? सवयीचा चढणारा पुरे. वाळक्या झावळ्या आणि फळं उतरवायची, हिरव्या झावळ्यांना हात लावू द्यायचा नाही. ताज्या जखमेच्या वासाने माड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. शेवगा, पेरू, जमिनीवरून हात पोचेल अशी मनगटाएवढी फांदी, ही गड्याची कामं.

गुलमोहर आणि रेन ट्री मात्र टोळीकडेच. गुलमोहराची बेचकी अरुंद असली आणि तिच्या सांध्यात साल आत दबून काळी रेघ दिसत असली, तर ती फांदी वाऱ्यात तिथूनच चिरते. असली फांदी मंगळुरी कौलांवर लोंबत असेल तर ती पाडायची नसते, उतरवायची असते: वरच्या भक्कम बेचक्यातून दोर घ्यायचा, खालच्या माणसाने त्याचे बुंध्याला वेढे देऊन हळूहळू सोडायचा. एकटा गडी हे करू शकत नाही, कितीही अनुभवी असला तरी.

आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर, उघडीप बघून. मोठ्या कापांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नको. डांबर फासू नका, ओल आतच कोंडते. बाकी झाडांचं काम फेब्रुवारीपर्यंत उरका. खानापूरकडे पाऊस जास्त, तिथे उशिराची ओली जखम लवकर बुरशी धरते. निपाणीकडे थोडी सवड मिळते.

झाड मुळापासून काढायचं असेल तर कर्नाटकाच्या 1976 च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी. नारळ, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काही जातींना सूट आहे. जाड फांद्या उतरवायच्या असल्या तरी आधी वनखात्यात विचारून घ्या. ‘परवानगीचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याकडून कागद हातात आल्याशिवाय मशीन सुरू होऊ देऊ नका.

तारेला टेकलेली फांदी दोघांपैकी कुणाचीच नाही. हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, 1912 वर कळवा, लाईन बंद झाली की मगच चढू द्या. ओल्या फांदीतून करंट येतो, लाकडी मुठीच्या कोयत्याने तो अडत नाही.

उक्तं ठरवताना चार गोष्टी आधीच बोला: कुठल्या फांद्या (खडूने खूण करा), पाला कोण नेणार, कौल फुटलं तर भरून कोण देणार, आणि लाकूड कुणाचं. लाकूड तुमचं ठरलं तर दर थोडा वाढेल. वाढू द्या.