पहिलं आरसी हेलिकॉप्टर: कोएक्सिअल, फिक्स्ड पिच की कलेक्टिव्ह पिच?

पहिलं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर घेताना सगळे डब्यावरची किंमत बघतात. खरं तर ते पडल्यावर काय खर्च येईल हे बघायला हवं. शिकताना हेलिकॉप्टर पडणारच, कितीही जपून उडवा. म्हणून खालच्या तिन्ही प्रकारांना मी दोनच प्रश्न लावले आहेत: पडल्यावर किती तुटतं, आणि त्यावर बसलेला हात पुढच्या हेलिकॉप्टरवर कितपत चालतो.

कोएक्सिअल

एकाच अक्षावर एकावर एक दोन रोटर, उलटसुलट दिशेने फिरणारे. एकाचा पीळ दुसरा मोडतो, त्यामुळे शेपटीवर उभा रोटर लागत नाही. वरच्या रोटरवरचा फ्लायबार, म्हणजे टोकांना वजनं असलेली आडवी दांडी, डगमग शोषून घेतो. रिमोटच्या काड्या सोडल्या तरी हेलिकॉप्टर बऱ्यापैकी जागेवर राहतं.

सायमाचं एस१०७ हे यातलं सर्वांच्या ओळखीचं. त्याला तीन चॅनल आहेत: वर-खाली, नाक वळवणं आणि पुढे-मागे. शेपटीवरचा चिमुकला आडवा पंखा शेपूट उचलतो किंवा दाबतो, आणि त्यावर पुढे-मागे जाणं होतं. नाक न वळवता बाजूला सरकणं याला येत नाही, आणि हेलिकॉप्टर उडवण्यातलं निम्मं कौशल्य त्यातच आहे. शिवाय रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे उन्हात भरवसा नाही. चार चॅनलच्या कोएक्सिअलमध्ये खालचा रोटर कलतो, त्यामुळे बाजूला सरकता येतं. पण वाऱ्याची झुळूकही त्याला ढकलून नेते, आणि जोरात पुढे दामटलं तर वरची-खालची पाती एकमेकांवर आपटू शकतात.

बंद खोलीत मजा करायची, लहान मुलांच्या हाती द्यायचं, तर हेच घ्या. छंद वाढवायचा विचार असेल तर मात्र थोड्याच दिवसांत ते अपुरं पडेल.

फिक्स्ड पिच

वर एकच रोटर, मागे शेपटीचा रोटर, चार चॅनल आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. पात्यांचा कोन, म्हणजे पिच, कायम असतो. वर जायचं तर रोटर जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. फिरणाऱ्या रोटरचा वेग झटकन बदलत नाही, म्हणून प्रतिसाद उशिरा येतो. आंघोळीच्या गरम पाण्याच्या नळासारखं होतं: फिरवलं तरी पाणी गार, म्हणून आणखी फिरवतो, आणि मग एकदम चटका. उंची सांभाळताना नवशिक्या हेच करतो. थ्रॉटल (मोटरचा जोर ठरवणारी काडी) अगदी थोडं हलवून वाट बघायची सवय लागली की प्रश्न सुटतो.

डब्ल्यूएल टॉईजचं व्ही९११ या वर्गातलं जुनं, गाजलेलं मॉडेल. त्याला फ्लायबार आहे. नंतरच्या व्ही९११एसमध्ये फ्लायबार गेला आणि तोल जायरोकडे, म्हणजे कलणं-वळणं ओळखणाऱ्या सेन्सरकडे, आला. दोन्ही इतकी हलकी की गवतावर पडली तर बहुतेक वेळा उचलून पुन्हा उडवायची. वजन कमी म्हणून आदळण्याचा जोर कमी, या प्रकाराचं सगळं शहाणपण एवढ्यात आलं. मोडलंच तर एखादं पातं, शेपटीची दांडी किंवा मुख्य दांडा.

काही मॉडेलांत आता बॅरोमीटरवर (हवेच्या दाबावरून) उंची धरून ठेवण्याची सोय असते. काडी मध्यावर सोडली की हेलिकॉप्टर आहे त्या उंचीवर थांबतं. पहिल्या दिवशी सुखाचं वाटतं. पण पुढे कलेक्टिव्ह पिचवर जायचं असेल तर ही सवय नडते, कारण तिथली थ्रॉटलची काडी आपोआप मध्यावर येत नाही. निवड असेल तर ही सोय नसलेलं किंवा ती बंद करता येणारं घ्या.

कलेक्टिव्ह पिच

इथे रोटर साधारण एकाच वेगाने फिरतो आणि पात्यांचा कोन बदलतो. कोन उणेही होतो, म्हणून उलटं उडता येतं. प्रतिसाद तत्काळ, वाऱ्यातही पकड चांगली. चूकही तितकीच तत्काळ.

कमी बजेटमध्ये एक्सकेचं के११० हे इथलं सरळ उत्तर. मुख्य मोटर ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली), फ्लायबार नाही, आणि रिमोटवर दोन मोड: एकात जायरो हेलिकॉप्टर स्वतः सरळ करतो, दुसऱ्यात सगळं तुमच्या हातात. शेपटीची मोटर मात्र साधी ब्रशवाली, आणि तीच आधी दमते. हेलिकॉप्टर जोर लावताना शेपूट सोडून गिरकी घेऊ लागलं की नवा माणूस जायरोवर संशय घेतो. बहुधा ती झिजलेली मोटर असते. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये तिला गार होऊ दिलं तर जास्त टिकते.

कलेक्टिव्ह पिचवर पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट म्हणजे थ्रॉटल होल्डचं बटण. हेलिकॉप्टर हाताबाहेर गेलं की जमिनीला लागण्याआधी मोटर बंद. हे वेळेवर दाबणारा आणि न दाबणारा यांच्या सुट्या भागांच्या खर्चात फार मोठा फरक पडतो. फिरतं पातं जमिनीत रुतलं की जोर दांडा, गिअर, सर्वो (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरी) असा सगळीकडे पोचतो.

‘त्याच पैशात जुनं ४५० मिळतंय’ हा मोह सर्वांना होतो. ४५० म्हणजे कलेक्टिव्ह पिचमधलंच मोठं माप. टी-रेक्स ४५० किंवा त्याच्या नकला खरंच स्वस्तात विकल्या जातात. पण ३२५ मिलिमीटरची पाती मिनिटाला अडीच हजारांहून जास्त फेरे घेतात. ती माणसाला गंभीर जखम करू शकतात. स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी रोटरखालची तबकडी) समपातळीत आणणं, पिच मोजणं, जायरो जुळवणं हे सगळं तुम्हालाच करावं लागतं. जवळ जाणकार उडवणारा नसेल तर पहिलं म्हणून घेऊ नका. घ्यायचंच असेल तर मुख्य दांडा हाताने फिरवून वाकडा आहे का ते बघा, गिअरचे दात तपासा आणि सोबतच्या फुगलेल्या बॅटऱ्या मोजदादीत धरू नका.

मग अपग्रेड कशात?

जे जमिनीवरच राहतं त्यात आधी पैसे घाला. रेडिओ (रिमोट), चार्जर, सिम्युलेटर (संगणकावरचा उडवण्याचा सराव) यांना हेलिकॉप्टर पडल्याने ओरखडाही येत नाही, आणि पुढच्या प्रत्येक हेलिकॉप्टरला ते चालतात.

रेडिओ बहुप्रोटोकॉल असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांची बरीच स्वस्त मॉडेलं एकाच रिमोटवर चालतात. तोच यूएसबीने संगणकाला जोडला की सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक होतो. हेलिकॉप्टरचं नाक आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं, आणि सगळ्यात जास्त मोडतोड तिथेच होते. ती पडझड पडद्यावर होऊ द्या. मोड १ की मोड २, म्हणजे थ्रॉटल उजव्या काडीवर की डाव्या, हे मात्र आधी ठरवा. मदत करणारा जो वापरतो तोच घ्या, म्हणजे अडचणीत तो रिमोट हाती घेऊ शकेल.

त्यानंतर बॅटऱ्या. छोटी हेलिकॉप्टरं एका बॅटरीवर पाच-सात मिनिटं उडतात आणि चार्जिंग त्याहून बरंच जास्त वेळ घेतं, म्हणून त्याच मापाच्या तीन-चार घ्या. मोठ्या क्षमतेची एक बसवू नका: वजन वाढतं, मोटर तापते, वेळ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. लिपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) एक सेल ४.२ व्होल्टला भरतो; ३ व्होल्टच्या खाली उतरवला तर खराब होतो. काही दिवस ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवा, आणि चार्ज होताना खोली सोडून जाऊ नका.

अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत भागांबद्दल माझं मत चांगलं नाही. प्लॅस्टिकची पकड तुटते तेव्हा ती धक्का स्वतःवर घेते आणि बदलायला स्वस्त असते. तिच्या जागी धातू बसवला की धक्का पुढे सरकतो आणि दांडा वाकतो किंवा सर्वोचे दात जातात. बुशच्या (दांडा ज्यात फिरतो त्या साध्या कडीच्या) जागी बॉल बेअरिंग हा अपवाद; तिथे झीज खरीच कमी होते. कार्बनची पातीही हात बसेपर्यंत घेऊ नका.

नेमकं सांगायचं तर: सिम्युलेटरवर रोज बसायची तयारी असेल तर थेट के११०, सुरुवात जायरो स्वतः सरळ करतो त्या मोडवर. तेवढा वेळ नसेल तर व्ही९११एस, जादा बॅटऱ्या आणि पात्यांचे दोन जोड. दोन्ही बाबतीत पैसे देण्याआधी त्या मॉडेलचे दांडे, गिअर आणि शेपटीच्या मोटरी सुट्या मिळतात का ते तपासा. मिळत नसतील तर दुसरं मॉडेल बघा, मग ते कितीही स्वस्त असो.