मॉबसाठी झुंड की जमाव?

बातमी मराठीत आणताना ‘मॉब’ आला की हात दोन शब्दांपाशी अडतो: झुंड आणि जमाव. झुंबड इथे धरत नाही. ती रेशनच्या दुकानात उडते, लोकलच्या दारात उडते. कुणाच्या जिवावर उठत नाही. मूळ शब्द लॅटिन ‘मोबिले वुल्गुस’चा, म्हणजे ‘चंचल लोकां’चा, १७व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रुळलेला तुकडा. तो चंचलपणा आपल्या दोन्ही शब्दांत नाही, त्याचा नाद सोडावा.

झुंड धारदार आहे. मथळ्यात चटकन बसते. झुंडशाही, झुंडबळी हे शब्द तिनेच दिले आणि त्यांना मला तरी पर्याय सापडलेला नाही. अडचण पुढच्या वाक्यात सुरू होते. झुंड लिहिली की क्रियापदं जनावरांची येतात: तुटून पडली, उधळली. माणसं दिसेनाशी होतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं गेलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. त्याविषयी लिहिताना ‘झुंडीने मारले’ हे वाक्य मला पुरं करवेना. अफवा कुणीतरी पुढे पाठवली होती, हात कुणीतरी उगारला होता, चित्रीकरण कुणीतरी करत होतं. झुंड म्हटलं की हे सगळे ‘कुणीतरी’ सुटतात.

जमाव अरबी ‘जमा’पासून आला, जमात, जमाखर्च त्याच घरातले. तो जमतो, तसा जमवताही येतो. ‘जमाव कुणी जमवला?’ असं सहज विचारता येतं. झुंडीला हा प्रश्न लागू पडत नाही. कायद्याची भाषाही इकडेच झुकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९मधला ‘बेकायदेशीर जमाव’ पाच किंवा अधिक माणसांचा असतो, आणि समान उद्देशासाठी त्यातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याला कलम १९० प्रत्येकाला जबाबदार धरतं.

जमावाचंही एक दुखणं आहे. ‘संतप्त’ त्याला चिकटूनच येतं आणि राग रास्त असावा असं सुचवून जातं. ते मी खोडतो. नुसता जमाव कुणाला फिका वाटेल, तर ‘हिंसक’ लिहावं. ते निदान घडलेल्याचं वर्णन आहे. मथळ्यात झुंडबळी चालेल, पण खालच्या मजकुरात, शक्यतो, जमावच ठेवावा.